गोवा, गोवे की गोमंतक?

प्रश्न : राज्याचे नाव लिहिताना ‘गोवा’ बरोबर की ‘गोवे’? ‘गोमंतक’ केव्हा वापरावे? ‘गोवामध्ये’ हे रूप चालेल का?

उत्तर : जुन्या मराठी लेखनात ‘गोवे’ हे नपुंसकलिंगी रूप आढळते, म्हणजे पुणे, ठाणे यांच्याच पंक्तीतले, आज मात्र ‘गोवा’ हे पुल्लिंगी रूप रूढ आहे आणि ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झालेल्या या प्रदेशाचे अधिकृत नावही तेच असल्याने सर्वसाधारण लेखनात तेच वापरावे. गंमत अशी, की विभक्तिप्रत्यय लागताच हा वाद मिटतो, कारण दोन्हींचे सामान्यरूप ‘गोव्या’ असेच होते : गोव्यात, गोव्याला, गोव्याहून. म्हणून ‘गोवामध्ये’ चूक, ‘गोव्यामध्ये’ बरोबर. ‘गोवा सरकार’, ‘गोवा मुक्तिसंग्राम’ यांसारख्या जोडशब्दांत मूळ रूप तसेच राहते.

‘गोमंतक’ हे संस्कृत वळणाचे, भारदस्त नाव साहित्यिक वा सांस्कृतिक संदर्भात शोभते. सरकारी अर्जात ते लिहू नये. रहिवाशांसाठी ‘गोवेकर’ आणि ‘गोमंतकीय’ हे शब्द असताना इंग्रजीवरून आलेले ‘गोवन’ आम्हांला तरी खटकते. कोकणीत ‘गोंय’ म्हणतात. ते कोकणी संवादातच ठेवावे.