घरचा सर्व्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकावर जेलीफिन (घरातले सिनेमे टीव्ही-मोबाइलवर पोचवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आहे. मोबाइलवर सिनेमे छान चालतात. हॉलमधल्या टीव्हीवर अडखळतात आणि मराठी सबटायटल्स लावली की थांबतातच. मोठं मशीन घ्यावं का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : इतक्यात नको, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं व्हायचं. टीव्हीवर सिनेमा चालू ठेवून लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. टीव्हीच्या नावाखालच्या माहितीच्या चिन्हावर टिचकी मारली की फाइल आहे तशी जाते आहे की ट्रान्सकोड होते आहे, म्हणजे सर्व्हर ती दुसऱ्या प्रकारात बदलून पाठवतो आहे, ते कारणासकट दिसतं. आधी ते कारण वाचा.

पाय ५ मध्ये एचईव्हीसी या व्हिडिओ प्रकाराचा हार्डवेअर डिकोडर (उलगडणारा) आहे, पण व्हिडिओ एन्कोडर (नव्याने बनवणारा) नाही. चित्र नव्याने बनवायची वेळ आली की सगळा भार सीपीयूवर येतो आणि तो पुरा पडत नाही. तुमच्याकडे ही वेळ बहुधा सबटायटल्समुळे येते आहे. ब्लू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटल्स म्हणजे मजकूर नसतो, चित्रं असतात. पुष्कळ टीव्ही ॲप्सना ती वेगळी दाखवता येत नाहीत, मग सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर छापत बसतो. एएसएस या सजवलेल्या मजकुराच्या प्रकाराचंही अनेक टीव्हींवर हेच होतं. एसआरटी हा साधा मजकूर असल्यामुळे तो वेगळा जातो आणि चित्राला हात लागत नाही. म्हणून एसआरटी फाइल मिळवा, तिला सिनेमाच्या फाइलचंच नाव द्या, नावाच्या शेवटी, ‘.एसआरटी’च्या आधी, भाषेसाठी ‘एमआर’ जोडा आणि ती यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा.

मराठीत इथे आणखी दोन अडचणी येतात. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर अक्षरं जो काढतो आहे, टीव्ही किंवा सर्व्हर, त्याच्याकडे देवनागरी फॉन्ट नाही. सबटायटल्स सर्व्हर छापत असेल तर नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट सर्व्हरवर, आणि डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारी सोय) वापरत असाल तर कंटेनरच्या आत हवा. मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिचं नुसतं एन्कोडिंग बदलून भागत नाही, त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना सिनेमा आपल्या भाषेत वाचता यावा, यासाठी एवढी खटपट जरूर करा.

ट्रान्सकोडचं कारण ‘बिटरेट’ (दर सेकंदाला जाणारा डेटा) असं आलं तर टीव्ही ॲपमधली दर्जाची मर्यादा ‘ऑटो’वरून कमाल करा. ४के फाइल मधूनमधून ८० एमबीपीएसच्या वर उसळी घेते. टीव्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर असेल तर तिथेच अडतं, ५ गिगाहर्ट्‌झवर आणा. केबल उत्तम, पण कित्येक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो हे लक्षात असू द्या. फक्त आवाज ट्रान्सकोड होत असेल, उदाहरणार्थ डीटीएस प्रकारचा, तर काळजी नको. तेवढं पायला झेपतं.

एवढं करूनही टीव्ही दाद देत नसेल तर टीव्हीपाशी लिब्रेएलेक (कोडीपुरती छोटी लिनक्स सिस्टम) आणि कोडी (सिनेमे चालवणारं ॲप) असलेला छोटा बॉक्स लावा. कोडी जवळपास सगळे प्रकार स्वतःच उलगडतो, पीजीएससुद्धा, त्यामुळे सर्व्हरला फाइल देण्यापलीकडे काम उरत नाही. मशीन बदलायचंच ठरलं, तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या. त्याच्यातल्या क्विक सिंक या व्हिडिओच्या हार्डवेअरने घरच्यापुरतं ट्रान्सकोडिंग आरामात होतं. डॉकरमध्ये मात्र ग्राफिक्सचं रेंडर डिव्हाइस कंटेनरला द्यायला आणि युजरला रेंडर ग्रुपमध्ये घालायला विसरू नका. नाहीतर सेटिंगमध्ये खूण असूनही सिनेमा सुरूच होत नाही.

प्रश्न : लाइट जाऊन आली की जेलीफिनची लायब्ररी रिकामी दिसते. आता तर बूटची एसएसडी शंभर टक्के भरली आहे. सिनेमे आणि फोटो यूएसबी डिस्कवर आहेत.
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : डेटा बहुधा सुखरूप आहे. यूएसबी डिस्क जागी व्हायच्या आत सिस्टम सुरू झाली, डिस्क माउंट झाली नाही (तिच्या फोल्डरला जोडली गेली नाही) आणि डॉकरला त्या जागी रिकामा फोल्डर मिळाला. त्यानंतरचे फोटो मुकाट्याने एसएसडीवर साठत गेले.

सगळे कंटेनर थांबवा. डिस्क अनमाउंट करून तोच फोल्डर पुन्हा उघडा. आत जे सापडेल ते दुसरीकडे हलवा, पुसू नका. फोल्डर रिकामा झाला की रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, म्हणून ‘सीएचएटीटीआर’ या आज्ञेने त्याला ‘अधिक आय’ (chattr +i) हा बदल होऊ न देणारा गुण लावा. आता डिस्क नसताना तिथे काही लिहिलंच जाणार नाही, चूक लगेच एररच्या रूपात समोर येईल. डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावाने माउंट करत असाल तर ते बंद करा, कारण ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. एफएसटॅब या माउंटच्या यादीत यूयूआयडी (डिस्कची न बदलणारी ओळख) आणि सोबत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी सिस्टम सुरू होऊ दे) लिहा. डॉकरची सेवा त्या माउंटवर अवलंबून ठेवा. पुन्हा माउंट करण्याआधी डिस्क तपासणारी एफएससीके ही आज्ञा चालवा.

पावसाळ्यात यूपीएसला पर्याय नाही. घेताना यूएसबी पोर्ट असलेला घ्या, म्हणजे नट, अर्थात नेटवर्क यूपीएस टूल्स, बॅटरी संपत आली की मशीन नीट बंद करेल. पोर्ट नसेल तर यूपीएसवर नसलेल्या एखाद्या वायफाय प्लगला दर मिनिटाला पिंग करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि सलग पाच वेळा उत्तर आलं नाही की शटडाउन करा. राउटर मात्र यूपीएसवरच हवा, नाहीतर पिंगला अर्थ उरत नाही. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो. पण मशीन बंद झालं आणि यूपीएस रिकामा व्हायच्या आत लाइट आली, तर मशीनच्या लेखी वीज गेलेलीच नसते आणि ते निपचित पडून राहतं. यूपीएसला तशी सोय असेल तर शटडाउननंतर नटकरवी त्याचं आउटपुट तोडायला लावा.

प्रश्न : राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरच्या सर्व्हरकडे वळवणं) केलं, तरी मोबाइल डेटावरून सर्व्हर उघडत नाही.
– एक वाचक, खारघर

उत्तर : राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असल्याने फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. टेलस्केल, म्हणजे तुमची उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारी व्हीपीएन सेवा, हा सोपा मार्ग. त्याचा समन्वयाचा सर्व्हर ओपन सोर्स नाही. ते खटकत असेल तर त्याला हेडस्केल हा ओपन सोर्स पर्याय आहे, पण हेडस्केलला सार्वजनिक पत्त्याचा भाड्याचा सर्व्हर लागेल. कनेक्शनवर आयपीव्ही६ (प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देणारी पद्धत) असेल तर राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट करून थेट वायरगार्ड हे व्हीपीएनही चालतं. जेलीफिनचा ८०९६ पोर्ट मात्र उघड्यावर ठेवू नका.

प्रश्न : सर्व्हर चोवीस तास चालवला तर विजेचं बिल किती वाढेल?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : १० वॅटचा मिनी पीसी महिन्याला साधारण ७ युनिट खातो, ५० वॅटचा जुना डेस्कटॉप ३६. तुमचं बिल १०० किंवा ३०० युनिटच्या काठावर असेल तर ही जादा युनिटं वरच्या, महागड्या दरात मोजली जातात. तो हिशोब धरूनच जुनं मशीन कामाला लावा.