डिप्लोमावर जर्मनी: आधी ऑफर लेटरवरचं पद वाचा

तुमचा प्रश्न असा: गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या इंजिनिअरिंग कंपनीत पाच वर्षं आयटी सपोर्ट, शिक्षण डिप्लोमा, जर्मनीत तेच काम मिळेल का, आणि कोणतं सर्टिफिकेट करू? सर्टिफिकेटचं शेवटी बघू.

डिग्री नसलेल्या आयटीवाल्यांना ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा काम-वास्तव्य परवाना, मिळतं. त्यासाठी गेल्या सात वर्षांत पदवीधराच्या तोडीचा तीन वर्षांचा अनुभव आणि 2026 साठी कर कापण्याआधीचा वर्षाचा पगार किमान 45,934.20 युरो लागतो. अडतं ते पुढे. ही सवलत आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातल्या 25 (आयटी व्यावसायिक) आणि 133 (आयटी सेवांचे व्यवस्थापक) याच गटांना आहे. हेल्पडेस्कचा तंत्रज्ञ 3512 मध्ये पडतो, म्हणजे बाहेर. सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर 2522, सिक्युरिटी स्पेशालिस्ट 2529, म्हणजे 25 च्या आत. म्हणून ऑफर लेटरवरचं पद आधी वाचा. त्यामुळे अनुभवपत्रावर नुसतं 'डेस्कटॉप सपोर्ट' घेऊन निघू नका. सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजरची खाती सांभाळणारी यंत्रणा), फायरवॉल, बॅकअप यांतलं जे खरंच सांभाळलंत ते, कधीपासून या तपशिलासह, लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या.

गोवा मुंबईच्या जर्मन वकिलातीखाली येतो. एजंट अपोस्टिलचे, म्हणजे कागदपत्रं परदेशात ग्राह्य धरण्यासाठीच्या शिक्क्याचे, पैसे मागेल, देऊ नका. अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या भारताच्या प्रवेशाला जर्मनीची हरकत असल्याने तो शिक्का तिथे चालत नाही. आणि घरात पोर्तुगीज पासपोर्टची बोलणी चालू असतील तर पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने त्यावर ब्लू कार्ड लागत नाही हे खरं, पण भारतीय नागरिकत्व जातं. घाईने ठरवू नका.

आता काम. मुलाखतीत तुमचं वजन पडेल ते मशीन शॉपमुळे. सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या) कंट्रोलरवर अनेकदा अजून विंडोज एक्सपी किंवा 7 असतं आणि मशीन बनवणारा पॅच टाकू देत नाही. म्हणून त्यांना वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) द्यायचं, इंटरनेट बंद ठेवायचं. जुन्या कंट्रोलरला एसएमबी-1 (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) लागतं, आणि 2017 चा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, त्याच वाटेने पसरला. एसएमबी-1 चालू असलेला छोटा फाइल सर्व्हर मशीनच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा. ऑफिसचा सर्व्हर त्याच्याकडे प्रोग्राम नव्या एसएमबीने ढकलेल, उलट दिशेची जोडणी फायरवॉलवर बंद. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, नाहीतर रॅन्समवेअर तीही लॉक करतं.

लायसन्स सर्व्हर हे दुसरं दुखणं. सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरला 25734 आणि 25735 असे दोन्ही पोर्ट लागतात. फायरवॉल बदलताना पहिला उघडतात, दुसरा विसरतात, आणि सकाळी अख्खं डिझाइन खातं बसून राहतं.

इथे न भेटणारी एक गोष्ट तिथे आहे: बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांची निवडून आलेली समिती. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर नजर ठेवू शकेल असं कोणतंही लॉगिंग तिच्या संमतीशिवाय सुरू करता येत नाही. एनआयएस-2 या सायबर सुरक्षेच्या कायद्याखाली येणाऱ्या कंपनीला मोठ्या हल्ल्याची पहिली सूचना 24 तासांत, सविस्तर 72 तासांत आणि अंतिम अहवाल महिन्यात द्यावा लागतो. मुलाखतीत हे आकडे विचारतात.

सर्टिफिकेटआधी जर्मन भाषेची बी-1 ही मधली पातळी करा. शॉपमधला कामगार इंग्रजीत तक्रार सांगणार नाही, शिवाय बी-1 असेल तर ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना 27 ऐवजी 21 महिन्यांत मागता येतो. त्यानंतर आयएसओ 27001, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी असेल तर ती टिसॅक्सबद्दल, म्हणजे वाहन उद्योगातल्या माहिती-सुरक्षेच्या तपासणीबद्दल, विचारेल. त्याचा पाया तोच आहे.