कॉइलओव्हर बसवल्यापासून गाडी खड्ड्यात दणके देते; सेटिंग कुठे चुकले असेल?

आपण लिहिले आहे की हॅचबॅकला ॲडजस्टेबल कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच) बसवून ती 40 मिमी खाली घेतली, तेव्हापासून लहान खड्ड्यातही दणका बसतो, आणि ‘प्रीलोड वाढवा, स्प्रिंग कडक होईल’ असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग बसवतानाच थोडी दाबून ठेवल्याने, साधी स्प्रिंग कडक होत नाही. आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा शॉकॲब्जॉर्बरच्या दांड्याला आत जायला जागाच न उरण्यात आहे, म्हणून आधी ती जागा मोजावी.

काही संचांत स्प्रिंगखालची रिंग फिरवूनच उंची बदलते. त्यांत गाडी जितकी खाली घ्यावी तितका दांड्याचा आतला प्रवास घटतो. दुसऱ्या प्रकारात शॉकॲब्जॉर्बरची संपूर्ण नळीच खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर वरखाली होते, त्यामुळे उंची बदलूनही प्रवास तेवढाच राहतो. अशा संचात स्प्रिंगची रिंग उंचीसाठी वापरू नये. चाके हवेत लोंबत असताना स्प्रिंग खुळखुळणार नाही, इतकाच प्रीलोड पुरतो.

जागा मोजण्याची माझी रीत साधी आहे. दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर केबल टाय बेताचा आवळून नळीच्या तोंडाशी टेकवावा आणि रोजच्या रस्त्याने एक फेरी मारावी. माझ्या गाडीत पहिल्याच फेरीनंतर तो टाय वर सरकून बंप स्टॉपच्या (दांडा पूर्ण आत जाताना धक्का झेलणाऱ्या) रबरात रुतलेला सापडला. पुढची बाजू 12 मिमी उचलली आणि दणके त्याच दिवशी थांबले. त्याआधी मी दोन आठवडे डँपिंगचे (शॉकॲब्जॉर्बर किती कडक चालावा ते ठरवणारे) नॉब फिरवण्यात घालवले होते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकॲब्जॉर्बरच चाकाला वरून धरून ठेवतो अशी रचना) असल्यास लोअर आर्मही, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडाही, पाहावा: त्याचे चाकाकडचे टोक आतल्या बोल्टपेक्षा वर गेले असेल तर गाडी फारच खाली आली आहे, आणि दिसायला कितीही देखणी वाटली तरी वळणावर ती पूर्वीपेक्षा अधिक कलू शकते.

उंची सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून आणि जॅकवरून उतरवल्यावर थोडी चालवून मगच मोजावी. माप चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत घ्यावे, म्हणजे टायरमधील हवेच्या फरकाने ते चुकत नाही. रिंग फिरवण्याआधी आट्यांतला चिखल ब्रशने काढावा. पावसाळ्यानंतर हे टाळले तर ॲल्युमिनियमचे आटे हमखास खराब होतात. लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत. चाके लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, कायम तसेच राहते आणि लवकर फाटते. गॅरेजमध्ये ही चूक सर्रास होते, म्हणून शक्य तर आपण स्वतः समोर उभे राहावे.

डँपिंगची वेळ यानंतर येते. नॉब हलक्या हाताने पूर्ण कडक बाजूला नेऊन तिथून क्लिक मोजत मध्यावर आणावा, आणि डावे-उजवे सारखे ठेवावे. गाडी लाटेवरून गेल्यावर डोलत राहिली तर दोन क्लिक कडक करावे. खडबडीत रस्त्यावर चाक थडथडत असेल तर दोन क्लिक सैल. एका वेळी फक्त पुढचे किंवा फक्त मागचे बदलावे, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही.

व्हील अलाइनमेंट उंची कायम ठरल्यावरच करावी, कारण उंचीबरोबर टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) आणि कँबर (चाकांचा उभा कल) दोन्ही बदलतात; हेडलाइटचा झोतही त्याच वेळी तपासून घ्यावा.