औषध खिडकीत बसण्याआधी

डी.फार्म.च्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्र पदविकेच्या, 2020 च्या नियमावलीत सोशल फार्मसी (समाजाच्या आरोग्याशी जोडलेलं औषधशास्त्र) हा विषय आला. तो परीक्षेपुरता पाठ करू नकोस, प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज तोच कामी येतो.

जुलाब झालेल्या बाळाची आई खिडकीशी येते. ओआरएस आणि झिंक हातात ठेवून पुढच्याला बोलावू नकोस. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात कशी विरघळवायची ते तिच्यासमोर करून दाखव. जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायची, हे तिच्याच तोंडून वदवून घे. सुरुवातीला मी हे सांगत नसे. उरलेल्या गोळ्या घरोघरी फळीवर तशाच पडून राहायच्या, त्याची खंत अजून आहे.

साठा लावताना माल कधी आला ते नाही, मुदत कधी संपते ते बघ. लसी ठेवायचा फ्रिज, म्हणजे आयएलआर, 2 ते 8 अंशांत हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पेंटाव्हॅलंट लस गोठली की वाया जाते, म्हणून तापमान दिवसातून दोनदा स्वतः बघूनच लिही, रविवारीसुद्धा.

आणि डी.फार्म.चं 500 तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण सहीपुरतं उरकू नकोस. जमलं तर सरकारी रुग्णालयातच कर.