अमेरिकेच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर फुकट तंबू टाकून राहता येतं का? भारतातून आलेल्या आईवडिलांना न्यावं का?

राहता येतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. दुसऱ्यावरून माझं सख्ख्या भावाशी सात वर्षं वाजलेलं आहे, त्यामुळे ते लांबणार.

तुम्ही लिहिलंय की वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत, दोघं ॲरिझोनात फिनिक्सला तुमच्याकडे येणार आहेत आणि फुकटच्या जागेत उघड्यावर नेलं तर त्यांना कमीपणा वाटेल अशी भीती आहे. ही भीती त्यांची आहे की तुमची, ते आधी नक्की करा. आमच्या घरी ती माझ्या दादाची होती. माझ्या वडिलांची, आबांची, नव्हती.

आम्ही माण तालुक्यातले. आबांचं लहानपण मेंढरांमागे गेलं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन घाट उतरायचा, कोकणात कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची आणि त्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं. पुढे ते एसटीत चालक झाले. 2017 च्या डिसेंबरात आई आणि ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही त्यांना मंदिर, मॉल, ग्रँड कॅन्यन सगळं दाखवलं. आबा सगळीकडे येत, ‘चांगलं हाय’ म्हणत आणि हॉटेलच्या खोलीत रात्रभर जागे राहत. खिडकी उघडत नाही, हे त्यांना सोसत नव्हतं.

31 जानेवारी 2018 ला पहाटे खग्रास चंद्रग्रहण होतं. मी आणि नवऱ्यानं दोन दिवस रजा टाकली आणि आबांना विचारलं, रानात मुक्कामाला याल का? ते त्याच संध्याकाळी पिशवी भरून तयार. मी ते कौतुकानं दादाला पुण्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “हॉटेलला पैसे नाहीत का तुमच्याकडे? फुकट मिळतं म्हणून सत्तरीच्या माणसाला रानात झोपवणार? आणि आईचं काय? निम्मं आयुष्य डबा घेऊन अंधारात जाण्यात गेलं तिचं. घरात संडास झाला त्या दिवशी ती रडली होती, विसरलीस?”

विसरले नव्हते. आईबद्दल तो अर्धा बरोबर होता, ते पुढे सांगते. आबांबद्दल तो पूर्ण चुकला.

फिनिक्सहून आय-10 महामार्गानं पश्चिमेला दोनेक तासांवर क्वार्टझाइट नावाचं छोटं गाव लागतं. जानेवारीत तिथे थंड राज्यांतली म्हातारी माणसं हजारोंनी येतात, घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन, आणि गावाभोवतीच्या मोकळ्या रानात राहतात. आबांनी काचेतून ते पाहिलं आणि विचारलं, “ही जमीन कुनाची?” मी म्हटलं, सरकारची. बीएलएम म्हणून एक खातं आहे, त्याच्याकडे साडेचोवीस कोटी एकर आहे. तीन महाराष्ट्र बसून उरतील एवढी. लोक येऊन राहतात, गुरं चारायला भाड्यानं देतात. आबा म्हणाले, “म्हंजी गायरान.”

चौदा वर्षं इथे राहून मला तो शब्द सुचला नव्हता. बरोबर गायरानच. चराईचा हिशोबही तसाच आहे: एक गाय-वासरू किंवा पाच मेंढ्या, महिन्याला अमुक एवढा दर. 2019 साली तो 1.35 डॉलर होता. हे मी आबांना नंतर फोनवर सांगितलं, तेव्हा पाच मेंढ्या हा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. तेव्हा तुमच्या ‘फुकट’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. गायरानात बसणाऱ्याला कुणी भिकारी म्हणत नाही. ती सगळ्यांची जमीन असते. तिथे घाण करणारा आणि कुंपण घालून बळकावणारा, लाज त्या दोघांना वाटायला हवी.

क्वार्टझाइटच्या कबरस्तानात हाजी अलीची कबर आहे. 1850 च्या दशकात अमेरिकी लष्करानं या वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. इथल्या लोकांनी त्याच्या नावाचं ‘हाय जॉली’ केलं. कबरीवर दगडांचा छोटा पिरॅमिड आणि वर उंट. आबा तिथे अर्धा तास बसले. उंट परत गेले का, पुढे त्यांचं काय झालं, त्याची बायकापोरं कुठे होती, असं विचारत राहिले. ग्रँड कॅन्यनला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

आम्ही मुक्काम केला तो मात्र बीएलएमच्या जमिनीवर नाही. गावापासून अठरा मैल दक्षिणेला पाम कॅन्यनचा कच्चा रस्ता फुटतो, तो कोफा अभयारण्यात जातो. 1939 साली रानमेंढ्यांसाठी राखलेलं रान. तिथेही पैसे नाहीत, पण गाडी रस्त्यापासून शंभर फुटांच्या आत ठेवायची आणि वर्षात चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. पाणवठ्यापासून पाव मैल लांब राहायचं, कारण माणूस जवळ बसला की मेंढ्या पाण्यावर येत नाहीत. हा नियम ऐकून आबा म्हणाले, कायदा करणारा मेंढपाळ असणार.

दिवस मावळताना जागा शोधत होतो. रस्ता एका वॉशमधून जात होता. वॉश म्हणजे कोरडा ओढा. कडेला छान सपाट, मऊ वाळू होती. नवऱ्यानं गाडी तिकडे वळवली आणि मागची चाकं रुतली. त्यानं जोर दिला तशी आणखी खाली गेली. आबा उतरले, चाकाशी बसले आणि म्हणाले, “जावईबापू, आता पायच लावू नगा.” मग चारही टायरची हवा कमी करायला लावली, चाकांपुढची वाळू हातानं काढली, पायपुसणी चाकाखाली घातली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. गाडी एका दमात वर आली. हवा भरायचा छोटा पंप डिकीत होता. तो नसता तर त्याच मऊ टायरवर सात मैल कच्चा रस्ता काढावा लागला असता. पंप, फावडं आणि फळीचे दोन तुकडे, यांच्याशिवाय डांबर सोडू नका.

गाडी निघाल्यावरही मला तंबू त्या वाळूतच टाकायचा होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आबा म्हणाले, “हितं नगं. हा वढा हाय.” मी म्हटलं, पाऊसच नाही. ते म्हणाले, “हितं नसंल. वर कुठं पडतुय ते तुला हितनं दिसतंय व्हय?” ते अकरा वर्षांचे असताना परतीच्या पावसात वाडा ओढ्याकाठी बसला होता. चांदणं होतं. मध्यरात्री पाणी आलं आणि सात कोकरं गेली. त्यांच्या चुलत्यानं त्यानंतर ओढ्यात कधी पथारी टाकली नाही, आणि आबांनीही नाही.

हेच ॲरिझोनात 12 ऑगस्ट 1997 ला अँटिलोप कॅन्यनमध्ये झालं. पाऊस कित्येक मैल वर पडला, खाली घळीत पाण्याचा लोंढा आला आणि अकरा पर्यटक वाहून गेले. इथे जून ते सप्टेंबर पावसाळा असतो, त्यालाही मॉन्सूनच म्हणतात. मला हे सगळं वाचून माहीत होतं, तरी मी वाळू बघून भुलले. आबांना कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून ‘म्हाताऱ्या माणसाला झेपेल का’ असं कुणी विचारलं की मला राग येतो. त्या रानात आम्हा चौघांतले सगळ्यात जाणते तेच होते.

पाण्याचंही तेच. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हे कमीत कमी. वाटेत कुठेही नळ नसतो. आम्ही बारा गॅलन नेलं होतं. आईनं 1972 चा दुष्काळ काढलेला. तिनं भांडी आधी वाळूनं घासली, मग दोन तांब्यांत विसळली. पाच गॅलन परत आलं. फक्त पिण्याच्या बाबतीत ती काटकसर करू लागली, तिथे मी रागावले. तुमच्या आईवडिलांवर त्याबाबतीत लक्ष ठेवा. थंडीत तहान लागत नाही आणि कोरड्या हवेत घाम दिसत नाही.

रात्री टिपूर चांदणं होतं. आबा तंबूत आलेच नाहीत. घोंगडी आणि माझी जाड स्लीपिंग बॅग घेऊन बाहेर झोपले आणि, आई सांगते, घोरले. पाच वाजता त्यांनीच आम्हाला उठवलं. चंद्राला वरून लागायला सुरुवात झाली होती. सहाच्या सुमारास तो पूर्ण तांबडा झाला आणि कोल्हे ओरडायला लागले. शेजारच्या टेकाडावर जरा रेंज येत होती, तिथून आबांनी दादाला फोन लावला. आपली घड्याळं बरोबर साडेबारा तासांच्या फरकाची, म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. तिथे चंद्र उगवत होता तोच ग्रहण घेऊन, आणि इथे ग्रहण घेऊनच मावळायला निघाला होता. आबा म्हणाले, “गच्चीवर जा. मी हितं तुझाच चंद्र बघतुय.” दादा गच्चीवर गेला. पाच-सात मिनिटं दोघं काही न बोलता फोन धरून होते. मग दादानं विचारलं, “थंडी वाजतेय का? हॉटेलवर कधी जाणार?”

आता आईचं. तिच्यासाठी मी संडासाला झाकणाची बादली, त्यात लावायच्या पिशव्या आणि उभं राहता येईल असा छोटा तंबू घेतला होता. खड्डा करायचा तर सहा ते आठ इंच खोल, पाण्यापासून दोनशे फूट लांब, आणि कागद आपल्याबरोबर परत आणायचा, हा इथला रिवाज आहे. पण आईला मी खड्ड्याकडे पाठवणार नव्हते. तरीही रात्री बॅटरी घेऊन तंबूकडे जाताना ती थबकली, ते मी पाहिलं. ती काही बोलली नाही. सकाळी तिच्या साडीच्या काठाला चोयाचा गोळा चिकटला. चोया म्हणजे इथलं एक निवडुंग, नुसतं घासून गेलं तरी तुकडा तुटून अंगाला लागतो. हातानं ओढायचा नसतो, मधे फणी घालून उडवायचा. तो काढताना मी विचारलं, आई, आज गावात राहू या का? ती लगेच हो म्हणाली. दुसऱ्या रात्री मी आणि ती क्वार्टझाइटच्या मोटेलमध्ये झोपलो, आबा आणि नवरा रानातच राहिले. नंतर दोन हिवाळे आबा आमच्याबरोबर आले. आई एकदाही आली नाही आणि मी तिला आग्रह केला नाही.

दादा आजही लग्नकार्यात चारचौघांत म्हणतो, हिनं आबांना फुकटात रानात झोपवलं. आई आली नाही हे तो पुरावा म्हणून सांगतो. पण आईला मी विचारलं होतं आणि तिचं ऐकलं होतं. त्यानं आबांना एकदाही विचारलेलं नाही. तुम्ही विचारा. आईंना वेगळं विचारा, बाबांच्या समोर नाही, कारण समोर विचारलंत तर त्या ‘मला चालेल’ म्हणतील.

काही गोष्टी राहिल्या. वाळवंटातली प्रत्येक मोकळी जमीन अशी नसते. ॲरिझोनात राज्याची ट्रस्टची जमीन मधेमधे असते, तिथे परवाना लागतो. नवाहो आणि इतर आदिवासींची जमीन त्यांची आहे, तिथे परवानगीशिवाय थांबूसुद्धा नका. बीएलएमच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांची मर्यादा असते, पण त्या त्या कार्यालयाचे नियम वेगळे असतात. फोन करून शेकोटीवर बंदी आहे का तेही विचारा. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद. बूट घालण्याआधी झटका, विंचू असतात. कोफामध्ये दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा सराव झाला होता, पडलेलं लोखंड उचलू नका. वडिलांना हृदयाचा त्रास असेल, किंवा रात्री चार-चार वेळा उठावं लागत असेल, तर मी वर कितीही ठासून लिहिलं असलं तरी नेऊ नका. इस्पितळ लांब आहे आणि रेंजचा भरवसा नाही. मे ते सप्टेंबर तर कुणालाच नेऊ नका.

पहिल्या वेळी कोफापर्यंतही जाऊ नका. फिनिक्सहून तासाभरावर, टोनोपाजवळ सॅडल माउंटन आहे, बीएलएमचंच. तिथे एक रात्र काढून बघा, नाही जमलं तर रात्री दहाच्या आत घरी. जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल तर निरोप टाका. बादली, छोटा तंबू आणि पंप आमच्या गॅरेजमध्ये पडून आहेत, घेऊन जा.