सराफ्यात वाद घालण्याआधी

अरे, काल इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस गार होईपर्यंत भांडलास, म्हणून लिहितोय. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी ॲसिड हाउसचा (क्लबात नाचण्यासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका प्रकाराचा) शोध लावला, असं ठोकून देऊ नकोस. त्यांची डिस्को ठेक्यावरच्या दहा रागांची रेकॉर्ड १९८२ ची, शिकागोच्या फ्युचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ चं. दोन्हींत रोलँड कंपनीचं टीबी-३०३, म्हणजे बेसचे सूर काढणारं छोटं सिंथेसायझर आहे, हे खरं. पण आधी करणं वेगळं आणि त्यातून पुढची परंपरा निघणं वेगळं.

दादाला “तुम्हाला काय कळतं” म्हणालास, ते तर अजिबात नको. त्यापेक्षा हेडफोन दे, मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही. सिंगांकडे वर रागाची चाल आणि खाली ३०३ त्याच सुरांत घसरत जातं, जवळजवळ मींडच. फ्युचरकडे तुकडा तोच तोच, नॉब फिरवत नाद तेवढा बदलत राहतो. हे ऐकवलंस की अर्धा वाद मिटतो.

सिंगांचं “सगळं उसनं” म्हणणाऱ्यांना आपल्या गायक अमीर खाँसाहेबांची आठवण करून दे. वहीद खाँची विलंबित लय, रजब अली खाँच्या ताना घेतल्याच ना? तरी इंदूर घराणं त्यांचंच. (आमच्या बाबांना हे पटत नाही, ते सोड.)

आणि पुढच्या वेळी कीस आधी खा.