ऑलिव्हची फळमाशी: सापळा रिकामा दिसला म्हणून निवांत बसू नका

शेतकरी मित्रांनो नमस्कार, ऑलिव्हच्या फळमाशीबद्दल बरेच प्रश्न आलेत आणि त्यातले निम्मे तर एकच आहेत, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा, कारण अर्धवट माहितीवर फवारणी करून पैसे आणि माल दोन्ही गेलेले बघितलेत मी.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न असा: "आंब्याला लावतात ते मिथिल युजेनॉलचे सापळे ऑलिव्हमध्ये लावलेत, महिना झाला एक माशी अडकली नाही, तरी फळं किडतायत, असं कसं?"

तर बघा, सापळ्यात काही बिघाड नाहीये, आतलं आमिष, म्हणजे मिथिल युजेनॉल हा नर माशांना ओढणारा गंध, चुकलंय. ऑलिव्हवरची माशी वेगळी, शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा ओली. आंब्यावरच्या माशीची जवळची नातेवाईकच आहे, पण मिथिल युजेनॉलकडे ही ढुंकूनही बघत नाही आणि काकडी-दोडक्याला वापरतात त्या क्यूल्यूरकडेही येत नाही. हिच्यात मादी गंध सोडते आणि नर तिच्याकडे येतात, त्यामुळे हिचा कामगंध वेगळाच असतो आणि सापळा घेताना पाकिटावर ऑलिव्ह फ्लाय असं स्पष्ट लिहिलेलं बघूनच घ्यायचा. चुकीच्या आमिषाचा रिकामा सापळा हा सापळा नसण्यापेक्षा वाईट, कारण आपण निर्धास्त होतो आणि तेवढ्यात फळात अंडी पडून गेलेली असतात.

चालतं काय, तर एक म्हणजे पिवळा चिकट सापळा, त्यावर कामगंधाची वडी आणि अमोनियम बायकार्बोनेटची पुडी. दुसरा मॅकफेल सापळा, म्हणजे माशी आत शिरून पाण्यात बुडते असं भांडं, ज्यात टोरुला यीस्टच्या गोळ्या पाण्यात विरघळवून ठेवतात. माशीला, विशेषतः मादीला, अंडी तयार व्हायला प्रथिनं लागतात, आणि अमोनियाचा वास आला की तिला तिथे खायला आहे असं वाटतं, म्हणून ती येते. पिवळे चिकट सापळे मात्र गच्च लावू नका, त्यावर मित्रकीटकही चिकटून मरतात.

"घरी सापळा करता येतो का?" येतो, आणि चांगला होतो. दीड लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरच्या भागात साधारण 5 मिलिमीटरची चार-पाच भोकं गरम खिळ्याने पाडा, आत डायअमोनियम फॉस्फेट म्हणजे डीएपी लिटरला 40 ग्रॅम या हिशोबाने विरघळवून भरा, पण भोकांपर्यंत भरू नका. फळं असलेल्या झाडावर, सावलीच्या बाजूला, फांद्यांच्या आतल्या अंगाला टांगा, उन्हात टांगली तर पाणी आटतं आणि माशीही तिथे थांबत नाही. दर आठवड्याला बघायचं, पाणी कमी झालं की भर घालायची आणि किती माशा सापडल्या ते तारखेसकट वहीत लिहायचं. हे लिहायचं काम कोणी करत नाही, पण माशी वाढतेय की कमी होतेय हे त्या आकड्यांवरूनच कळतं. आणि ओळखून मोजा बरं का, ऑलिव्हची माशी 4 ते 5 मिलिमीटरची, घरमाशीपेक्षा लहान, पंख पारदर्शक आणि पंखाच्या टोकाला एकच छोटा काळपट ठिपका.

आता दुसरा प्रश्न, आणि हा वाचून मला खरंच वाईट वाटतं: "फळ कापलं तर आत अळी दिसली, कोणतं औषध मारू?"

त्या फळासाठी आता उशीर झालाय. मादी सालीला भोक पाडून आत अंडं घालते, बहुतेक वेळा एका फळात एकच, आणि अशी शेकडो अंडी ती आयुष्यात घालू शकते. उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत अंडं फुटतं, मग अळी गर पोखरत राहते आणि दहा-पंधरा दिवसांत फळातच कोष करते, म्हणजे गरम दिवसांत महिन्याभरात पुढची पिढी उडायला तयार. वरून मारलेलं बरंचसं औषध आतल्या अळीपर्यंत पोचत नाही, आणि आत पोचणारं आंतरप्रवाही औषध तेलात उरण्याची भीती असते. म्हणून जे करायचं ते माशी उडत असताना, तिनं अंडी घालायच्या आधी.

ही वेळ कशी ओळखायची? कोय कडक व्हायला लागली की फळ माशीच्या कामाचं होतं. सुरीने फळ आडवं कापून बघा, सुरी आरपार गेली तर अजून वेळ आहे, मध्येच अडली तर धोका सुरू. सापळे त्याच्या आधीच लागलेले पाहिजेत. आणि तिथून पुढे दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांवरची मिळून 100 फळं तोडून भिंगाने बघा, सालीवर बारीक तपकिरी खळगी दिसली की तो डंख, तिथे पातळ काप घेऊन आत अंडं किंवा अळी जिवंत आहे का ते बघा. नुसते जुने डंख मोजून घाबरू नका, कारण पारा 35 अंशांच्या वर गेला की माशी सुस्तावते आणि कोवळ्या फळातली बरीच अंडी-अळ्या उष्णतेनेच मरतात. पण ऊन उतरलं की ती परत जोर धरते, आणि नेमकं तेव्हाच आपण काढणीच्या नादात बागेकडे दुर्लक्ष करतो.

फवारणीत माझी पहिली पसंती आमिष फवारणीला, म्हणजे प्रथिनांचं आमिष आणि त्यात स्पिनोसॅड हे कीटकनाशक. पूर्ण झाड भिजवायचं नाही, मोठे थेंब पडतील असा झाडाच्या एका भागावरच मारा करायचा, माशी खायला येते आणि मरते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, मधमाशा नसताना, कारण ओलं असताना स्पिनोसॅड त्यांना घातक आहे. दरवेळी तेच एक औषध मारत राहू नका, काही ठिकाणी माशीत त्याची प्रतिकारशक्ती तयार झालेली आहे. लेबलवर ऑलिव्ह हे पीक आणि फळमाशी ही कीड, दोन्ही नसेल तर ते औषध बागेत आणूच नका, प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही लेबलवरचंच पाळा.

रसायन नको असणाऱ्यांनी केओलिनची पांढरी माती वापरा, 100 लिटर पाण्यात 3 ते 5 किलो. झाड पांढरं दिसेल, दिसू दे, तो थर असला की मादीला फळ नीट ओळखू येत नाही आणि अंडी घालायला ती कचरते. पण डंख पडायच्या आधी मारा, आणि पावसाने धुतली गेली की परत मारा, हे दुसरं पाऊल बरेच जण विसरतात.

"दरवर्षी येते कुठून?" आपल्याच बागेतून! हिची अळी ऑलिव्हच्या फळाशिवाय दुसऱ्या पिकावर वाढत नाही, त्यामुळे भाजीपाल्याला किंवा शेजारच्या पेरूला दोष देऊ नका. काढणीनंतर झाडावर राहिलेली आणि खाली पडलेली फळं हेच तिचं घर, थंडीच्या तोंडावर बऱ्याच अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोष करतात. राहिलेलं प्रत्येक फळ उतरवा, पडलेलं गोळा करा, किमान 10 सेंटीमीटर मातीखाली पुरा किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. बांधावर शोभेचं म्हणून लावलेलं, ज्याची फळं कोणी तोडत नाही ते झाडही धरा यात. शेजाऱ्याशी बोलून दोघांनी एकाच वेळी केलं तर फरक दुप्पट दिसेल, एकट्याने केलं तर उडून येणारच.

शेवटचा प्रश्न तेलाचा आणि लोणच्याचा. लोणच्याच्या फळाला एक डंखसुद्धा चालत नाही, माल तिथेच नाकारला जातो, म्हणून तिथे सुरुवातीपासून कडक राहा, आणि मोठ्या फळांच्या जातींवर माशी जास्त येते हेही लक्षात ठेवा. तेलाच्या बागेत थोडी कीड सोसता येते, पण जिवंत अळ्या असलेली फळं साधारण 10 टक्क्यांच्या आसपास गेली की वाट बघू नका. अळी बाहेर पडली की त्या भोकातून बुरशी शिरते, फळ गळतं, तेलाची आम्लता चढते आणि वास बिघडतो. अशा वेळी काढणी लवकर घ्या, थोडं तेल कमी निघेल पण चांगलं निघेल, आणि तोडलेला माल पोत्यात दाबून न ठेवता हवेशीर क्रेटमध्ये भरून 24 तासांच्या आत घाण्यावर पोचवा. डंखलेला आणि निरोगी माल वेगवेगळा गाळा, एकत्र केला तर चांगलं तेलही हातचं जाईल.

ज्यांनी चुकीचे सापळे लावलेत त्यांनी आज आमिष बदलून घ्या आणि पुढच्या आठवड्याचा आकडा मला कळवा, फळं कापून काय दिसलं तेही लिहा, मग तुमच्या बागेपुरतं नेमकं काय करायचं ते सांगतो.